बावन्न वजा सत्तावीस: तिसरीच्या एका पाठाचं प्रकरण

पूर्व नागपुरात, कळमना मार्केटच्या अलीकडे असलेल्या एका मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. हे प्रकरण मात्र माझ्या वर्गाचं नाही, शेजारच्या तिसरीचं आहे. तिसरीच्या बाईंनी त्यांचं टाचण (पाठाची लेखी आखणी), मुलांच्या वह्या आणि वर्गाचा मागचा बाक माझ्यासाठी खुला केला, म्हणून ते लिहिता येतंय. त्यात माझी गरजही होती. तिसरीची मुलं पुढच्या वर्षी माझ्याकडेच येतात आणि दरवर्षी त्यांतली निम्मी ४०० मधून १२५ वजा करून ३२५ लिहितात. मी दरवर्षी जुलैभर तेच पुन्हा शिकवते. शिकवून झालेली गोष्ट मुलांकडे का राहत नाही, हे मला एकदा नीट, वर्गात बसून बघायचं होतं.

वर्गाच्या पटावर ३२ मुलं. कुणाचे वडील मार्केटमध्ये हमाली करतात, कुणाची आई भाजीचा ठेला लावते. सात-आठ घरं छत्तीसगडमधून कामाला आलेली, त्यांच्या घरी छत्तीसगढी किंवा हिंदी. बाकीच्यांच्या घरी आपली नागपुरी: "मले", "तुले", "काऊन". विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापर्यंत हाती आलेले दिवस मोजकेच होते आणि वार्षिक नियोजनात 'दशक सुटा करून वजाबाकी' या घटकाला चार तासिका लिहिलेल्या होत्या. खरं तर दोन अंकी वजाबाकी दुसरीतच व्हायला हवी. एनसीईआरटीच्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्तींप्रमाणे (कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं, याची यादी) तिसरीच्या मुलानं तीन अंकी बेरीज-वजाबाकी करायची असते, तीही व्यवहारातल्या उदाहरणांत. पण पायाच डळमळीत असेल तर तीन अंकांकडे जायचं कसं, म्हणून बाईंनी दोन अंकांपासून उजळणी घ्यायचं ठरवलं. हा निर्णय बरोबर होता.

पहिला पाठ

टाचण नीटनेटकं होतं. उद्दिष्ट: विद्यार्थी हातच्याची वजाबाकी करतात. साहित्य: काड्यांचे गठ्ठे, फळा. कृती: शिक्षक उदाहरण सोडवून दाखवतील. मूल्यमापन: स्वाध्याय तपासणे.

बाईंनी फळ्यावर ५२ − २७ मांडलं. "दोनातून सात जातात का?" सगळा वर्ग: "नाही!" "मग काय करायचं? शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा. पाचाचे झाले चार, दोनाचे झाले बारा." टेबलावर एक गठ्ठा सोडून दाखवला. मागच्या बाकावरून तो दिसत नव्हता. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, उत्तर पंचवीस. मग ४३ − १८, ६१ − ३६, ७४ − ४६. प्रत्येक वेळी प्रश्न तोच, "नाही!"चा गजरही तोच. चौथ्या उदाहरणाला तर बाईंचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच "उसना!" ऐकू आलं. पाठ छान झाला असं मलाही वाटलं.

एकच गोष्ट खटकली. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, उसना घेतला तं वापस कवा द्याचा?" वर्ग हसला, बाई हसल्या आणि पाठ पुढे गेला. त्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त होता. उसनं घेतलेली साखर परत द्यावी लागते, हे तिला घरी शिकवलेलं होतं. गणितातलं उसनं कुणीच परत करत नाही.

दोन दिवसांनी बाईंनी सहा उदाहरणं तोंडी सांगून वहीत लिहून घेतली: ५८ − २४, ५२ − २७, ६० − २४, ४५ − १९, ७१ − ६८, ३६ − ३०. त्या दिवशी २९ मुलं हजर होती. सगळी उदाहरणं बरोबर आलेली मुलं ६.

वह्यांचे ढीग

मधल्या सुट्टीत खिचडी वाटून झाल्यावर आम्ही दोघी वह्या घेऊन बसलो. बाई हिरमुसल्या होत्या. "मॅडम, परत एकदा घेते हाच पाठ, थोडा हळू," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आधी बरोबर-चूक विसरून चुकांप्रमाणे ढीग करू. या प्रकरणात काही मोलाचं घडलं असेल तर ते या अर्ध्या तासात.

पहिला ढीग १२ वह्यांचा. यांनी ६० − २४ चं उत्तर ४४ लिहिलं होतं आणि ४५ − १९ चं ३४. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा, मग तो वर असो की खाली. एकाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "मोठ्यातूनच लहान जाते न मॅडम! तुमीच सांगतलं." खरंच होतं ते. लहानातून मोठी संख्या वजा होत नाही, हे पहिली-दुसरीत आपणच सांगतो. मुलानं तो नियम प्रामाणिकपणे पाळला. ब्राऊन आणि बर्टन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांची मांडणी करताना हेच दाखवलं होतं: मूल बहुतेक वेळा अंदाजपंचे चुकत नाही, एक चुकीचा नियम घेऊन शिस्तीत चुकत जातं. तो नियम सापडला की त्याची पुढची चूकसुद्धा आधी सांगता येते. आम्ही त्या बारा वह्यांपैकी एक झाकून ७१ − ६८ चं उत्तर १७ असेल असं म्हटलं आणि उघडून पाहिलं. सतराच होतं.

दुसरा ढीग ५ वह्यांचा. यांनी एककाच्या घरात दहा वाढवले, पण दशकाच्या घरातून एक कमी केला नाही. त्यांचं ४५ − १९ चं उत्तर ३६. तिसऱ्या ढिगातली ४ मुलं दिसेल तिथे उसना घेत होती. ५८ − २४ मध्येही आठाचे अठरा करून त्यांनी २१४ असं उत्तर लिहिलं होतं. अठ्ठावन्नातून काही काढून दोनशे चौदा उरतात याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांच्यासाठी हा संख्यांचा हिशोब नव्हताच, घरं भरायची रीत होती. आणि ती रीत आम्हीच दिली होती, कारण पहिल्या पाठातल्या चारही उदाहरणांत उसना घ्यावाच लागत होता. घ्यायचा की नाही, हे ठरवायची वेळ मुलांवर एकदाही आली नाही.

उरल्या दोन वह्या. छत्तीसगढी घरातल्या दोघांच्या. एकानं 'पंचेचाळीस वजा एकोणीस' ऐकून ५४ − १९ लिहिलं होतं आणि उत्तर ३५, म्हणजे स्वतः लिहिलेलं गणित त्यानं बरोबर सोडवलं होतं. दुसऱ्यानं एकोणीसच्या जागी २९ लिहून उत्तर १६ काढलं, तेही बरोबर. यांना वजाबाकी येत होती, मराठी संख्यानावं येत नव्हती. आपण 'पंचेचाळीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. 'एकोणीस'मध्ये तर नऊ ऐकूच येत नाही, वीसला एक कमी एवढंच त्यात आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. मलाही 'एकवीस' जायला नको होतं. पण पायरी म्हणून आधी 'चाळीस पाच' आणि मग 'पंचेचाळीस', हे या दोन मुलांसाठी मी आज बिनदिक्कत करीन.

आणि मग बाईंच्या लक्षात आलं ते आधी कुणाच्याच आलं नव्हतं. पहिल्या आणि दुसऱ्या ढिगातल्या सगळ्या वह्यांत ५२ − २७ चं उत्तर एकच होतं, ३५. उलटी वजाबाकी केली तर सातातून दोन गेले पाच. दशक कमी करायचा विसरला तर बारातून सात गेले, तरी पाचच. दोन वेगळ्या चुका आणि एकच उत्तर. एककाच्या अंकांत पाचाचा फरक असला की असंच होतं. फळ्यावरची ४३ − १८ आणि ६१ − ३६ ही उदाहरणंही तशीच निघाली. चारपैकी तीन उदाहरणं अशी होती की मूल चुकलं तरी का चुकलं हे कळू नये. बाईंनी ती सहज सुचतील तशी घेतली होती. मीही गेली कित्येक वर्षं तशीच घेत आले. उदाहरणातले आकडे निवडणं हेच नियोजनाचं सगळ्यात नाजूक काम आहे, हे मला त्या टेबलापाशी पहिल्यांदा कळलं.

दुसरं टाचण

पुन्हा टाचण लिहायला बसल्यावर बाईंनी शेवटापासून सुरुवात केली. तासाच्या अखेरीस मुलांना काय विचारलं म्हणजे आपल्याला खरं कळेल? त्यांनी लिहिलं: एका मुलानं ६३ − २८ = ४५ केलं, त्याचं काय चुकलं असेल? लिहून झालं आणि आम्ही दोघी एकदमच थांबलो. आठ आणि तीन, फरक पाच. खोडून ६३ − २९ केलं. आता उलटी वजाबाकी करणाऱ्याचं उत्तर ४६ येणार, दशक विसरणाऱ्याचं ४४ आणि बरोबर उत्तर ३४.

दुसरा बदल भाषेचा. 'उसना' काढून टाकला. त्याच्या जागी काड्यांसाठी 'गठ्ठा सोडला' आणि पैशांसाठी 'दहाची चिल्लर केली'. ही दोन्ही कामं या मुलांनी स्वतःच्या हातानं केलेली आहेत.

काड्या आधी की पैसे आधी, यावर आमचं बराच वेळ चाललं. मुलं पैसे रोज हाताळतात, मग पैशांनीच सुरू करू, असं माझं मत. बाईंनी ते खोडलं, आणि त्यांचंच बरोबर होतं. गठ्ठा सोडला की आतल्या दहा काड्या डोळ्यांसमोर पडतात. दहाच्या नोटेत दहा नाणी दिसत नाहीत, ती कुणीतरी देतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. ज्याला दशक म्हणजे दहा सुटे हे अजून पटलेलं नाही, त्याला नोट म्हणजे नुसता कागद. म्हणून आधी गठ्ठे, मग नोटा, मग वहीत उभ्या रेघांचं चित्र आणि शेवटी अंक. जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडलेला हातानं, चित्रानं, चिन्हानं हा क्रम आम्ही डी.एड.ला पाठ केला होता. तो का, हे या वादात समजलं.

प्रश्न काड्यांचा होता. चौघांचा एक असे आठ गट, प्रत्येकाला सहा गठ्ठे आणि दहा सुट्या, म्हणजे ५६० काड्या. एकट्या बाईंनी त्या कधी बांधायच्या? मधे पोळा आणि तान्हा पोळा येत होता. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, शहराला सुटी असते आणि दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असतो, हे नागपुरातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. त्या दिवशी नवीन काही घेण्यात अर्थ नव्हता. बाईंनी तोच दिवस गठ्ठे बांधायला ठेवला. १९ मुलं आली. खराट्याच्या काड्या तोडून, दहा-दहा मोजून, रबर लावून त्यांनी कार्यानुभवाच्या तासात ढीग लावला. दोन गठ्ठे नऊचे निघाले आणि ते कुणी बांधले यावर भांडण झालं. दहा म्हणजे दहाच, हे त्या भांडणातून जेवढं पक्कं झालं तेवढं माझ्या सांगण्यानं झालं नसतं.

टाचणाच्या वहीत उजव्या पानावर नेहमीचे रकाने. डावं पान कोरं असतं. तिथे बाईंनी प्रत्येक प्रश्नासमोर लिहिलं: मुलं काय म्हणतील आणि मग मी काय करीन. उदाहरणार्थ, "३६ − ३० मध्ये शून्य पाहून गठ्ठा सोडा म्हणतील. तेव्हा काड्या मांडायला लावायच्या, मी उत्तर सांगायचं नाही." जपानमधले प्राथमिक शिक्षक एकत्र बसून पाठ तयार करतात, तेव्हा मुलांच्या संभाव्य उत्तरांसाठी त्यात अशी जागा ठेवलेली असते. आपल्या नमुन्यात ती नाही. पहिल्या टाचणात बाई काय करणार हे सगळं होतं, मुलं काय करणार हे एका ओळीतही नव्हतं. मुख्याध्यापकांनी वही पाहिली, डाव्या पानाबद्दल विचारलं आणि उजवं पान पूर्ण आहे ना एवढी खात्री करून सही केली. त्यांनी अडवलं नाही याचं मला समाधान आहे. ही जागा नमुन्यातच असायला हवी, असं मात्र मी शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत मांडणार आहे.

दुसरा पाठ

सुरुवात सोडवण्यानं झालीच नाही. फळ्यावर आठ उदाहरणं, मुलांनी फक्त सांगायचं: गठ्ठा सोडावा लागेल की नाही? ५२ − २८ ला "लागन", ५८ − २४ ला "नाही". ३६ − ३० ला अपेक्षेप्रमाणे गोंधळ. "शून्य आहे न, सोडा लागते." बाईंनी काड्या मांडायला लावल्या. तीन गठ्ठे, सहा सुट्या. "तीस काढा." पोरानं तिन्ही गठ्ठे उचलले, सहा काड्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सोडाचं कामच नाही पडलं."

मी मागे बसून एक गोष्ट मोजत होते. पहिल्या पाठात बाईंचा प्रश्न आणि उत्तर यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात नोंदवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागतात. बाई या वेळी पाठीमागे हात घेऊन बोटं मोजत होत्या, एक, दोन, तीन. हात वर करायचे, ओरडायचं नाही, असं सांगितलेलं होतं. आदल्या पाठात एकदाही न बोललेल्या चार मुलांची नावं मी त्या तासात लिहून घेतली.

काड्यांनंतर पैसे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरल्यावर मुलांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो, तो ताजाच होता. "बोजाऱ्याचे बावन्न रुपये जमले. पाच दहाच्या नोटा, दोन नाणी. अठ्ठावीसचा चेंडू घ्यायचा." एका मुलानं दोन नोटा बाजूला काढल्या, दोन नाण्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आठ कुठून देऊ? एका दहाची चिल्लर करा लागन." तो १२ वह्यांच्या ढिगातला होता. मोठ्यातून लहान जाते म्हणणारा तोच. दुकानात दोन नाणी देऊन आठ रुपये फिटत नाहीत, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याला फक्त ते आणि वहीतलं गणित एकच आहे हे कळायचं होतं.

मग ७१ − ६८. भाजीवाल्या बाईंची मुलगी काड्यांना हातही न लावता म्हणाली, "तीन." कसे? "अडुसष्ट. एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर." तिनं तीन बोटं दाखवली. एरवी इथे आपण "मांडून दाखव" म्हणतो आणि मुलीला वाटतं आपलं चुकलं. डाव्या पानावर हे उत्तर आधीच लिहिलेलं होतं, म्हणून बाई थांबल्या. त्यांनी तिची रीत फळ्यावर रेघ ओढून मांडली आणि विचारलं, ५२ − २८ ला ही चालेल का? चालली, फक्त लांब पडली. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ठेल्यावर त्यांचे ९८ टक्के हिशोब बरोबर, तीच आकडेमोड कागदावर दिली तर जेमतेम ३७ टक्के. कळमन्याच्या आसपास शिकवणाऱ्यानं हे विसरू नये. आपल्या वर्गात हिशोब येणारी मुलं बसलेली असतात आणि आपण त्यांना गणित येत नाही असं लिहून मोकळे होतो.

सगळं सुरळीत झालं नाही. रबर उडवण्यात एका गटाची पाच मिनिटं गेली. चित्राची पायरी वेळेअभावी घाईत उरकली आणि त्याचा फटका पुढे बसला. शेवटच्या ६३ − २९ च्या प्रश्नाला बऱ्याच मुलांनी नुसतं स्वतःचं उत्तर लिहिलं. दुसऱ्याची चूक शोधायची सवयच त्यांना नव्हती, ती आम्ही गृहीत धरली होती.

आठवड्यानंतर

पुन्हा चाचणी घेतली, या वेळी उदाहरणं फळ्यावर लिहून. हजर २८. सगळी बरोबर १९ मुलांची. चौघं अजून उलटी वजाबाकी करत होती. पाच जणांचं फक्त शून्यापाशी अडत होतं: ७० − ४६ मध्ये शून्यातून काही जात नाही म्हणून त्यांनी एककाच्या घरात शून्यच लिहून टाकलं. दिसेल तिथे गठ्ठा सोडणारं कुणी उरलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. छत्तीसगढी घरातली दोघं रोज परिपाठानंतर दहा मिनिटं ४० च्या कार्डावर ५ चं कार्ड ठेवून आधी "चाळीस पाच" आणि मग "पंचेचाळीस" म्हणत आहेत. एकोणीस, एकोणतीस अजून पक्कं नाही.

चार तासिकांच्या जागी सात गेल्या. नियोजनात मागे पडल्याची काळजी बाईंना आहे आणि ती खोटी नाही. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात पायाभूत संख्याज्ञान तिसरीअखेर व्हावं असं धरलेलं आहे, आणि वर्षाचे दिवस वाढत नाहीत. पण माझ्या चौथीतला जुलै दरवर्षी याच वजाबाकीत जातो. त्या हिशोबात या तीन तासिका मला महाग वाटत नाहीत.

काल बाई तीन अंकी वजाबाकीचं टाचण घेऊन आल्या. दहा गठ्ठ्यांचा एक मोठा जुडगा बांधायचा आणि तो आधी कुणी सोडायचा, यावर बोलणं झालं. शून्यापाशी अडलेली पाच मुलं डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी पहिलंच उदाहरण दशकात शून्य असलेलं घेतलं होतं, ३०४ − १७९. चहा निवत होता. त्यांनी आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं, नवातून चार बोटांवर मोजले, नऊ खोडला आणि आठ केला.